व्हिडिओपेक्षा घड्याळाचे आधी पाहा

प्रश्न : मी २२ वर्षांचा आहे आणि गेल्या वर्षी एका व्यावसायिक संघाशी तीन हंगामांचा करार केला आहे. सामन्याच्या दोन दिवस आधी एका मित्राच्या वाढदिवसाला गेलो होतो. संघाच्या नियमाप्रमाणे रात्री ११ वाजता हॉटेलवर परत यायचे असते, मी २ वाजता परतलो. तिथे दारूचा ग्लास हातात घेऊन मी आमच्या सहायक प्रशिक्षकांची नक्कल केली, कोणीतरी ती मोबाइलवर टिपली आणि दोन दिवसांत ती सगळीकडे पसरली. आता ‘संघाच्या आणि खेळाच्या प्रतिमेला बाधा आणणारे वर्तन’ या कारणाखाली संघाने मला कारणे दाखवा नोटीस दिली आहे, सात दिवसांत खुलासा मागितला आहे आणि चौकशी होईपर्यंत निलंबित केले आहे. वडील म्हणतात, पाय धर आणि मोकळा हो. एजंट म्हणतो, व्हिडिओ एआयने बनवलेला आहे असे सांगून टाक. मला स्वतःला वाटते की मैदानावर मी एकही नियम मोडलेला नाही, मग माझ्या खासगी वेळेशी संघाचा संबंध काय? त्या रात्री वाईट असे काही घडलेही नाही. मित्राच्या ओळखीचे एक गृहस्थ माझ्याशी फार आपुलकीने बोलत होते, कर्णधाराच्या गुडघ्याची चौकशी करत होते. तो पुढचा सामना खेळणार नाही हे मी त्यांना सांगितले. नंतर त्यांनी मला एक महागडे घड्याळही भेट पाठवले. इतकी चांगली माणसे तिथे होती. मी नोटिशीला उत्तर कसे द्यावे?

उत्तर :

नोटिशीचे उत्तर कसे लिहावे ते सांगतोच, परंतु तुमच्या पत्राच्या शेवटी जाता जाता आलेला कर्णधाराच्या गुडघ्याचा आणि घड्याळाचा उल्लेख मला त्या व्हिडिओहून कितीतरी गंभीर वाटतो, आणि त्या बाबतीत तुमच्या हाती सात दिवस नाहीत. म्हणून हा भाग तुम्हाला मी आधीच स्वतंत्रपणे कळवला आहे. तुमची ओळख पटेल असे तपशील काढून तो इथे देतो आहे, कारण करार नुकताच झालेल्या अनेक खेळाडूंना तो वाचायची गरज आहे. व्हिडिओमुळे तुम्हाला दंड होईल, काही सामने बाहेर बसावे लागेल, महिनाभर लोक बोलतील. गुडघ्याची माहिती आणि तिच्यामागून आलेली भेट या दोन गोष्टी एकत्र वाचल्या, तर मात्र हे प्रकरण संघाच्या शिस्तीपुरते राहत नाही. ते खेळाच्या भ्रष्टाचारविरोधी नियमांखाली जाते आणि तिथल्या शिक्षा सामन्यांत नव्हे, वर्षांत मोजल्या जातात.

कर्णधार पुढच्या सामन्यात नाही ही बातमी संघाने जाहीर करण्यापूर्वी ज्याला कळते, त्याच्या हाती पैसा असतो. सट्ट्याचे भाव लोकांना ठाऊक असलेल्या माहितीवर ठरतात; मोठा खेळाडू बाहेर असल्याचे जाहीर झाले की ते बदलतात, आणि त्या बदलाच्या आधी ज्याने पैसे लावलेले असतात तो कमावतो. म्हणूनच दुखापत, संघनिवड, डावपेच, खेळाडूची दुसऱ्या संघाकडे होणारी बदली अशी जाहीर न झालेली माहिती बाहेर देण्यावर बहुतेक व्यावसायिक खेळांत बंदी असते, आणि माहिती देणाऱ्याने स्वतः एक पैसाही लावलेला नसला तरी तो त्या बंदीतून सुटत नाही. इंग्लंडचा फुटबॉलपटू किरन ट्रिपियर २०१९ मध्ये टॉटनहॅम सोडून अ‍ॅटलेटिको माद्रिदकडे गेला. त्या बदलीची माहिती त्याच्याकडून मित्रांपर्यंत पोहोचली आणि मित्रांनी तिच्यावर पैजा लावल्या. आपल्याला यातून काही मिळालेले नाही, हे त्याचे म्हणणे त्याला वाचवू शकले नाही. डिसेंबर २०२० मध्ये त्याला दहा आठवड्यांची बंदी आणि ७०,००० पौंड दंड झाला.

तुमच्या बाबतीत तर घड्याळ आलेले आहे. क्रिकेटच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या भ्रष्टाचारविरोधी संहितेत ७५० अमेरिकी डॉलर किंवा त्याहून अधिक किमतीची कोणतीही भेट विनाविलंब कळवणे खेळाडूवर बंधनकारक आहे, मग ती देणाऱ्याने बदल्यात काही मागितलेले असो वा नसो. जवळचे मित्र आणि नातेवाईक यांनी दिलेल्या वैयक्तिक भेटी त्यातून वगळलेल्या आहेत. पण एका रात्रीची ओळख असलेला मित्राचा परिचित या सवलतीत बसत नाही. तुमच्या खेळात ही मर्यादा वेगळी असेल, तरी तरतूद बहुधा याच धर्तीची असेल.

अशा ओळखी पुढे कुठे जाऊ शकतात, हे झिम्बाब्वेचा माजी कर्णधार ब्रेंडन टेलर याने जानेवारी २०२२ मध्ये स्वतःच्याच प्रकरणाबद्दल जाहीरपणे सांगितले आहे. प्रायोजकत्वाच्या चर्चेसाठी म्हणून त्याला बोलावले गेले, प्रवासासाठी पैसे देऊ केले गेले, रात्री मेजवानी झाली आणि तिथे त्याने कोकेन घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच माणसे त्याचे चित्रीकरण घेऊन त्याच्या खोलीत आली. सामने फिक्स कर, नाहीतर हे प्रसिद्ध होईल, असे त्यांनी बजावले आणि १५,००० डॉलर हाती ठेवले. आपण कोणताही सामना फिक्स केला नाही, असे तो सांगतो, आणि त्याच्यावर तसा आरोपही ठेवला गेला नाही. त्याने हे सारे कळवलेही, परंतु महिने उलटल्यावर. त्याला साडेतीन वर्षांची बंदी झाली, आणि तिच्या मुळाशी प्रामुख्याने हाच विलंब आणि भेटी न कळवणे होते.

तुम्हाला भेटलेले गृहस्थ निव्वळ चाहते असू शकतात. तसे असेल, तर तुम्ही कळवल्याने त्यांचे काहीही बिघडणार नाही. ते तसे नसतील, तर त्यांच्याकडे आज तुमचे एक वाक्य आहे, तुम्ही ठेवून घेतलेले घड्याळ आहे, आणि कदाचित त्या रात्रीचे तुम्ही न पाहिलेले आणखी काही चित्रीकरणही आहे. पुढची मागणी केव्हा करायची हे ते ठरवतील. ती वेळ येण्यापूर्वी तुम्ही बोललात, तरच त्यांच्या हातातले हे सारे निरुपयोगी होते.

‘मी काही चुकीचे केलेले नाही, मग कळवायचे काय?’ असे तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु बहुतेक खेळाडू गोत्यात येतात ते इथेच. शकिब अल हसन बांगलादेशाचा कर्णधार आणि जगातल्या सर्वोत्तम अष्टपैलू खेळाडूंपैकी एक असताना, ऑक्टोबर २०१९ मध्ये, त्याला दोन वर्षांची बंदी झाली, त्यातले एक वर्ष स्थगित ठेवले गेले. त्याने सामना फिक्स केला नव्हता; त्याच्याशी संपर्क साधून आतली माहिती विचारली गेली, ते त्याने कळवले नव्हते. आणि ही अपेक्षा आजची नाही. १९१९ च्या बेसबॉल जागतिक मालिकेत पैसे घेऊन मुद्दाम हरल्याच्या प्रकरणात न्यायालयाने शिकागोच्या खेळाडूंना २ ऑगस्ट १९२१ रोजी निर्दोष सोडले आणि दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचे आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांनी आठ जणांना कायमचे बाहेर काढले. त्यांत बक वीव्हर होता. त्याने पैसे घेतल्याचे सिद्ध झाले नव्हते आणि मालिकेत तो चांगला खेळलाही होता. कट ठाऊक असूनही तो गप्प राहिला, एवढाच त्याचा अपराध. पुन्हा खेळू द्यावे म्हणून त्याने वारंवार अर्ज केले, परंतु १९५६ मध्ये मरेपर्यंत त्याची बंदी उठली नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा. खेळाडू संघटनेच्या वकिलाला फोन करा आणि त्यांच्या सल्ल्याने त्याच दिवशी खेळाच्या नियामक संस्थेच्या भ्रष्टाचारविरोधी अधिकाऱ्याला लेखी कळवा. संघाच्या मॅनेजरला तोंडी सांगणे पुरेसे नाही. अनेक नियमावल्यांत माहिती कोणाला द्यायची तो अधिकारी ठरलेला असतो आणि इतर कोणाला सांगितल्याने तुमचे कर्तव्य पूर्ण झाले असे धरत नाहीत. घड्याळ परत पाठवू नका, विकू नका, कोणाला देऊनही टाकू नका. ज्या खोक्यातून आणि ज्या कुरियरच्या पावतीसह ते आले, तसेच ते अधिकाऱ्याच्या स्वाधीन करा. त्या गृहस्थांना फोन करून ‘तुम्ही असे का केले’ म्हणून विचारू नका. मोबाइलमधला एकही संदेश पुसू नका, मग तो कितीही लाजिरवाणा असो. श्रीलंकेच्या सनथ जयसूर्याला २०१९ मध्ये दोन वर्षांची बंदी झाली ती फिक्सिंगसाठी नव्हती, चौकशीला सहकार्य न केल्याबद्दल आणि तिच्यात अडथळा आणल्याबद्दल होती. पुरावा नष्ट करणे हा बहुतेक नियमावल्यांत स्वतंत्र अपराध असतो आणि तो मूळ प्रकरणाहून जड ठरू शकतो. कर्णधाराबद्दल तुम्ही नेमके काय म्हणालात, ते आठवेल तितके त्याच शब्दांत लिहून ठेवा. कळवण्यातही धोका आहे, हे मी लपवत नाही, कारण माहिती दिल्याचे तुम्ही त्यात कबूल करणार आहात. तरीही स्वतःहून, वेळेत आणि पूर्ण सांगणाऱ्याकडे चौकशी अधिकारी ज्या नजरेने पाहतात, ती नजर पकडल्यानंतर बोलणाऱ्याच्या वाट्याला येत नाही.

आता नोटीस. खासगी वेळेशी संघाचा संबंध काय, हा तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर तुमच्या करारातच आहे. व्यावसायिक खेळाडूच्या करारात मैदानाबाहेरच्या वर्तनाचे कलम जवळजवळ नेहमीच असते. बेब रूथसारख्या बेसबॉलच्या महान खेळाडूलाही नोव्हेंबर १९२२ मधल्या करारात दारूपासून पूर्णपणे दूर राहण्याचे आणि हंगामात व्यवस्थापकाच्या परवानगीशिवाय रात्री एकनंतर जागे न राहण्याचे कलम मान्य करावे लागले होते. तुमचे अकराचे बंधन त्याच जातीचे आहे. सामन्याच्या दोन दिवस आधीची तुमची रात्र पूर्णपणे तुमची नव्हती. ती तुम्ही सही करून संघाला दिलेली होती, आणि तिचा मोबदला तुमच्या मानधनात धरलेला आहे. तेव्हा ‘मी एकही नियम मोडला नाही’ हे वाक्य तुमच्या खुलाशात कुठेही येऊ देऊ नका, कारण ते खरे नाही.

न्यायालयात काही सिद्ध झालेले नाही, पोलिसांत तक्रार नाही, असाही युक्तिवाद खेळाडू करतात. तोही इथे चालत नाही. फौजदारी खटल्यात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. शिस्तपालन समितीला तेवढ्या पुराव्याची गरज नसते, आणि तिच्यापुढचा प्रश्नही वेगळा असतो. सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रिस्टल इथे रस्त्यावर झालेल्या मारामारीच्या खटल्यातून बेन स्टोक्स ऑगस्ट २०१८ मध्ये निर्दोष सुटला. तरीही क्रिकेटला कमीपणा आणल्याबद्दल शिस्तपालन आयोगाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याला आठ सामन्यांची बंदी आणि ३०,००० पौंड दंड केला. दरम्यान बाहेर बसावे लागलेले सामने त्या बंदीत धरले गेले, ही गोष्ट तुमच्याही उपयोगाची आहे. निलंबनात गेलेला काळ शिक्षेतून वजा करावा, ही मागणी तुम्हीही करा.

संघाला अधिकार आहे, याचा अर्थ तो अमर्याद आहे असा मात्र नाही. मैदानाबाहेरचे सगळे नियम मला एकाच तोलाचे वाटत नाहीत. जिथे दुसऱ्या माणसाला इजा झाली, कोणावर हात उगारला गेला, कोणाची छळणूक झाली, तिथे खेळाडूचे नाव आणि संघाची गरज बाजूला ठेवून कठोर कारवाई झालीच पाहिजे, आणि दुर्दैवाने नेमक्या अशाच प्रकरणांत अनेक संघ वर्षानुवर्षे डोळेझाक करत आलेले आहेत. जिथे खेळाच्या सचोटीचा प्रश्न आहे, तिथेही सैल राहून चालणार नाही. परंतु ‘प्रतिमा’ हे कलम अनेकदा इतके मोघम लिहिलेले असते की त्याच्या आधारे खेळाडूचे कपडे, त्याची मैत्री, त्याची मते, मानधन थकल्याबद्दलची त्याची तक्रार, असे काहीही बेशिस्तीत बसवता येते. मुलींच्या संघांत तर त्याचा वापर कोणाशी बोलायचे आणि कुठे दिसायचे नाही हे ठरवण्यापर्यंत गेलेला आढळतो. याला माझा ठाम विरोध आहे. ज्या वर्तनासाठी शिक्षा करायची, ते वर्तन नियमात आधी लिहिलेले असले पाहिजे, शिक्षा त्या वर्तनाच्या प्रमाणात असली पाहिजे आणि एका वर्तनासाठी ती एकदाच झाली पाहिजे.

यातल्या शेवटच्या मुद्द्यासाठी अमेरिकी फुटबॉलमधल्या रे राइसचे प्रकरण आठवते. आपल्या होणाऱ्या पत्नीला मारहाण केल्याबद्दल जुलै २०१४ मध्ये लीगने त्याला अवघ्या दोन सामन्यांसाठी निलंबित केले, आणि ती शिक्षा लाजिरवाणी वाटावी इतकी अपुरी होती. सप्टेंबरमध्ये लिफ्टमधले चित्रीकरण प्रसिद्ध झाले, लोकक्षोभ उसळला, आणि लीगने त्याच घटनेसाठी त्याला बेमुदत निलंबित केले. नोव्हेंबरमध्ये माजी न्यायाधीश बार्बरा जोन्स यांनी लवाद म्हणून दुसरे निलंबन रद्द केले, कारण राइसने लीगपासून काही लपवल्याचे त्यांना आढळले नाही आणि एकाच घटनेसाठी पुन्हा शिक्षा करणे त्यांना मनमानी वाटले. लीगने आधी सौम्य आणि मग लोकांच्या दबावाखाली कठोर वागून, मारहाणीसारख्या प्रकरणातही स्वतःची बाजू कमकुवत करून घेतली. शिक्षेच्या प्रमाणाबद्दलही उदाहरण आहे. श्रीशांतवरील आजन्म बंदीच्या प्रकरणात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये दोषाचा निष्कर्ष कायम ठेवला, पण शिक्षा रद्द करून तिचा फेरविचार करायला सांगितले, आणि ती बंदी अखेर सात वर्षांवर आली.

तुमच्या वर्तनाशी अधिक जवळची प्रकरणे सौम्य आहेत. बीजिंग ऑलिंपिकमध्ये आठ सुवर्णपदके जिंकलेल्या मायकेल फेल्प्सचे एका पार्टीतले गांजाच्या नळीसोबतचे छायाचित्र २००९ च्या सुरुवातीला छापून आले. उत्तेजकांविषयीचा कोणताही नियम मोडला गेला नसल्याचे अमेरिकेच्या जलतरण संघटनेने स्वतःच सांगितले आणि तरीही त्याला तीन महिने स्पर्धांपासून दूर ठेवले. एका प्रायोजकाने करार पुढे वाढवला नाही. फेल्प्सने छायाचित्र नाकारले नाही, आपले वागणे चुकीचे होते असे लगेच मान्य केले, आणि प्रकरण तिथेच मिटले. जानेवारी २०१९ मध्ये दूरचित्रवाणीवरील महिलांबद्दलच्या बोलण्यामुळे हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल यांना ऑस्ट्रेलिया दौऱ्यातून परत पाठवले गेले. चौकशी लांबणार असे दिसताच निलंबन उठवले गेले आणि शेवटी क्रिकेट मंडळाच्या लोकपालांनी प्रत्येकी २० लाख रुपये भरण्यास सांगितले, त्यातले १० लाख हुतात्मा जवानांच्या कुटुंबांसाठी आणि १० लाख अंधांच्या क्रिकेटसाठी. चौकशी रेंगाळत असेल तर खेळाडूला अनिश्चित काळ बाहेर ठेवू नये, हा त्यातला मुद्दा तुम्ही मांडू शकता.

एजंटच्या सल्ल्याबद्दल मला तीव्र शब्द वापरावेसे वाटतात. व्हिडिओ खरा असताना तो एआयने बनवल्याचे सांगणे ही समितीची फसवणूक आहे, त्या खोलीत असलेला प्रत्येक माणूस ती उघडी पाडू शकतो, आणि ती उघडी पडल्यावर तुमचे पुढचे कोणतेही खरे बोलणे कोणी खरे मानणार नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू रायन लोक्टी याने बंदुकीच्या धाकाने आपल्याला लुटल्याचे सांगितले. प्रत्यक्षात एका पेट्रोल पंपावर त्यांच्याच गटाकडून मोडतोड झाली होती. त्या मोडतोडीचे प्रकरण भरपाई देऊन मिटण्यासारखे होते. सांगितलेल्या कहाणीने त्याला दहा महिन्यांचे निलंबन मिळाले आणि त्याचे मोठे प्रायोजक गेले. हा सल्ला देणारा एजंट तुमच्या नव्हे, स्वतःच्या टक्केवारीच्या काळजीत आहे, असे माझे मत झाले आहे; हे प्रकरण संपले की त्याच्यासोबत राहायचे का, याचा विचार करा.

वडिलांचा सल्ला प्रेमापोटी आलेला आहे, पण पाय धरणे हेही उत्तर नव्हे. घाबरून लिहिलेल्या माफीनाम्यात माणूस न केलेल्या गोष्टीही कबूल करून बसतो, आणि तो कागद पुढे अपिलात त्याच्याच विरुद्ध वाचला जातो. जे केले ते पूर्ण मान्य करा, जे केले नाही ते मान्य करू नका, आणि जे अस्पष्ट आहे ते विचारा. खुलाशाचा मसुदा साधारण असा असावा, शब्द मात्र वकिलाकडून तपासून घ्या :

‘दिनांक अमुक रोजी मी मित्राच्या वाढदिवसाच्या कार्यक्रमास गेलो होतो. संघाच्या नियमानुसार रात्री ११ वाजता हॉटेलवर परतणे बंधनकारक असताना मी २ वाजता परतलो, हे मला मान्य आहे. प्रसारित झालेल्या व्हिडिओत मीच असून सहायक प्रशिक्षकांची नक्कल मीच केली आहे. त्यामुळे त्यांचा अवमान झाला, याचा मला मनापासून खेद आहे. हा व्हिडिओ मी चित्रित केलेला किंवा प्रसारित केलेला नाही. प्रतिमेला बाधा आणल्याच्या आरोपाखाली आचारसंहितेचे नेमके कोणते कलम लावले आहे, त्याखाली कोणती शिक्षा नमूद आहे आणि निलंबनाचा आदेश कोणत्या तरतुदीनुसार दिला आहे, हे कृपया लेखी कळवावे. निर्णयापूर्वी मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी, अशी विनंती आहे.’

एवढेच. ‘त्या रात्री याखेरीज काहीही घडले नाही’ असे वाक्य उत्साहाच्या भरात जोडू नका, कारण घड्याळाचे आणि गुडघ्याचे प्रकरण लक्षात घेता ते खोटे ठरेल. याच कारणासाठी भ्रष्टाचारविरोधी अधिकाऱ्याला कळवण्याचे काम खुलासा देण्यापूर्वी झालेले असले पाहिजे. संघाला त्याबद्दल काय आणि केव्हा सांगायचे, हे तो अधिकारी आणि तुमचा वकील यांच्याकडून समजून घ्या. असा तपास चालू असताना त्याची वाच्यता करण्यावर बंधन असू शकते. समाजमाध्यमांवर काहीही लिहू नका, आणि चाहत्यांनी तुमची बाजू घेऊन प्रशिक्षकांना शिवीगाळ चालवली असेल, तर ती थांबवा असे सांगण्यापुरताच या नियमाला अपवाद करा.

सहायक प्रशिक्षकांचे तुम्ही पत्रात फक्त पद लिहिले आहे. त्यांना काय वाटले असेल, याचा एक शब्दही त्यात नाही, आणि मला ते खटकले. हा माणूस रोज सकाळी तुमच्या आधी सरावाला येतो, तुमचा व्हिडिओ त्याच्या घरच्यांनीही पाहिला असेल. नोटिशीशी संबंध न जोडता, मध्यस्थ न घेता, त्यांना वेळ विचारून समोरासमोर भेटा. भेटायला निलंबनाच्या अटींची आडकाठी असेल तर दोन ओळींचे पत्र द्या. त्यांनी समितीपुढे तुमच्या बाजूने बोलावे, अशी अपेक्षा त्यात चुकूनही दिसू देऊ नका.

एक छोटी पण निसटू शकणारी गोष्ट आहे. तुम्ही उत्तेजक चाचणीच्या नोंदणीकृत खेळाडूंमध्ये असाल, तर दररोज सकाळी ५ ते रात्री ११ या वेळेतील एक तास आपण कुठे असू, हे तुम्ही कळवलेले असते, आणि १२ महिन्यांत तीनदा त्यात चूक झाली तर तो नियमभंग ठरतो. शंभर मीटरचा तत्कालीन विश्वविजेता क्रिश्चन कोलमन डिसेंबर २०१९ मध्ये चाचणीच्या वेळी घरी नव्हता. आपण जवळच खरेदीला गेलो होतो, असे त्याचे म्हणणे होते. ती त्याची तिसरी चूक ठरली. दोन वर्षांची बंदी लवादाने १८ महिन्यांवर आणली, तरी टोकियो ऑलिंपिक हुकलेच. निलंबनामुळे तुम्ही आता हॉटेल सोडून घरी गेला असाल, तर नवा पत्ता त्या नोंदीत भरलेला आहे का, ते पाहा. संघाने निलंबित केले म्हणून चाचणीचे बंधन सुटत नाही.

सुनावणीला वकील किंवा खेळाडू संघटनेचा प्रतिनिधी सोबत नेता येतो का, ते आधी लेखी विचारा आणि नकार मिळाला तर तोही लेखी घ्या. समितीतील कोणाचा या प्रकरणात थेट संबंध असेल, उदाहरणार्थ ते सहायक प्रशिक्षकच तिथे बसणार असतील, तर त्याला सुरुवातीलाच हरकत नोंदवा. निकाल लागल्यावर घेतलेल्या हरकतीला फारशी किंमत राहत नाही. दंड आणि एकदोन सामन्यांची बंदी झाली, तर माझ्या मते ती स्वीकारावी. करार रद्द करण्यापर्यंत संघ गेला, तर ते या वर्तनाच्या मानाने फार होईल आणि तिथे अपील केलेच पाहिजे. निलंबनाच्या काळात मानधन चालू आहे का, व्यायामशाळा आणि फिजिओ यांची सोय वापरता येईल का, हे आजच संघाला ईमेलने विचारा. अपिलाची मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात की निकालाची प्रत हाती पडल्यापासून, हेही करारात आताच पाहून ठेवा, कारण काही नियमावल्यांत ती मोजक्याच दिवसांची असते.